अंधारात पिवळा पडणारा पांढरा

५ जानेवारी, रविवार. वजन ७१.४

डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगितलं आहे. पोटात पाणी साठतंय की उतरतंय, ते वजनावरून कळतं म्हणे. तेवढ्यासाठी ही वही काढली. दुकानातली जुनी ऑर्डरची वही आहे, मागची अर्धी कोरी. वजनाखेरीज काही लिहू नका असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हा लिहितो. बोलण्यासारखं सध्या कोणाशी काही उरलेलं नाही.

काल इस्पितळातून घरी आलो. नऊ दिवस होतो. शेवटचा घोट सव्वीस डिसेंबरच्या संध्याकाळी घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात शिडीवरून उतरताना रक्ताची उलटी झाली. दुकान रंगाचं. गेली एकतीस वर्षं मी तिथे शेड जुळवतो. माणसं भिंतीचा ढलपा आणतात, जुन्या दाराचं लाकूड आणतात, आणि म्हणतात, अस्साच रंग हवा. आता मशीन आलं आहे, पण मशीनला नवा रंग जमतो. दहा वर्षं ऊन खाल्लेला रंग अजून मलाच विचारतात.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. मी, बायको आणि माझा धाकटा भाऊ. "आधी लिव्हरवर चरबी साठली, मग सूज आली, मग जखमा भरता भरता व्रण पडत गेले," त्या म्हणाल्या. "दारू थांबली की चरबी जाते, सूज उतरते. व्रण बहुतेक राहतात. उरलेलं लिव्हर कामाला लागलं तर तुम्ही त्याच्यावर बरीच वर्षं काढाल. नाही लागलं तर बदलावं लागेल. दुसऱ्या माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून लावतात, देणाऱ्याचं परत वाढतं. पण आमच्या इस्पितळाची अट आहे. सहा महिने एक थेंबही नाही."

"तुकडा कोणाचाही चालतो?" धाकट्याने विचारलं.

बाईंनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. "निरोगी माणसाचा. चरबी साठलेलं लिव्हर चालत नाही, मग तो माणूस दारूला कधी शिवलेलाही नसो."

मी हसलो. म्हटलं, "ऐक ढब्बू, तुलाच बोलतायत." लहानपणापासून मी त्याला ढब्बू म्हणतो, शहाण्णव किलोचा ऐवज आहे. तो हसला नाही. बायकोही हसली नाही. इस्पितळात माणसं विनोदाला घाबरतात.

घरी आल्यावर बायकोने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सव्वीस जूनभोवती लाल गोल काढला. ती शाळेत ग्रंथपाल आहे, परतीची तारीख घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

आज दुपारी आरसा घेऊन खिडकीशी उभा राहिलो आणि डोळ्यांचा पांढरा भाग नीट पाहिला. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे रंग जुळवले, आता स्वतःचा जुळवला. दुकानातून ऑइलपेंटचा पांढरा आणवला होता. त्याच्या एका झाकणात पिवळ्याचे नऊ थेंब घातले तेव्हा जुळला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ओढला, वाळू दिला. ओला रंग खोटं बोलतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. वाळल्यावर इथे चिकटवला. दर महिन्याला एक असा तुकडा करायचा. रक्ताच्या रिपोर्टमधलं मला कळत नाही, पण रंगात मला कोणी फसवू शकत नाही.

वही कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवतो.

१४ जानेवारी. वजन ७०.९

पाय सुजलेत, चपलेत मावत नाहीत. जेवणात मीठ नाही. बिनमिठाचं जेवण म्हणजे प्रायमर मारून सोडून दिलेली भिंत.

सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला अंगात काहीतरी उठतं. तहान नाही, भूक नाही. कोणीतरी आतून कॉलर धरतं. आज अकराला मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा. बायकोने दारावर टकटक केली, "अहो, बरं आहे ना?" म्हटलं, दात घासतोय. अकरा वाजता.

आमचे बाबाही पिवळे होऊनच गेले. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि ढब्बू दहाचा. मी त्याच वर्षी रंगाच्या दुकानात लागलो, ढब्बूची शाळा चालू राहिली. पुढे मी बाबांसारखा प्यायला लागलो आणि तो खायला लागला. बापाची इस्टेट दोघांनी अशी वाटून घेतली.

२ फेब्रुवारी, रविवार. वजन ६९.८

पुठ्ठा दुसरा. आठ थेंब.

गेल्या आठवड्यापासून अर्धा दिवस दुकानात जातो. मालकाने स्टूल दिलं, शिडी चढायला बंदी केली. चांगला माणूस आहे, पण दर अर्ध्या तासाने जवळ येऊन हुंगतो.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण इथे खोटं लिहून काय मिळणार? दुकानाच्या मागच्या खोलीत सर्वांत खालच्या फळीवर शेवाळी हिरव्याचा चार लिटरचा डबा आहे. तो रंग दहा वर्षांत कोणी घेतलेला नाही, पुढची दहा वर्षं घेणार नाही. डबा मी केव्हाच धुऊन रिकामा केला. आत बाटली आहे, पाऊण भरलेली. डिसेंबरातली. आज झाकणावरून हात फिरवला. उघडलं नाही. उद्या जाऊन ओतून टाकतो.

संध्याकाळी ढब्बू आला होता. बायकोने त्याच्यापुढे ताट ठेवलं, तर म्हणे, "नको वहिनी, जेवून आलोय." माझ्या घरात ढब्बू जेवून आला! मला वाईट वाटलं. बिनमिठाच्या घरात त्याला रस नसावा. निघताना म्हणाला, "दादा, तुझा रक्तगट माझाच ना रे?"

"हो. का?"

"लायसनवर लिहायचाय."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा याला लायसन आठवलं.

१२ फेब्रुवारी. वजन नाही

काल आणि परवा काय झालं ते मला आठवत नाही. बायको सांगते, मी कपाटासमोर उभा राहून कपाटाला शेड विचारत होतो. तिला मी ओळखलं नाही. लिव्हर जे गाळायचं ते गाळत नाही, मग ते विष डोक्यात चढतं. इस्पितळात नेलं, एनिमा दिला, औषध दिलं, शुद्ध आली. आज घरी सोडलं. या वहीत परवाच्या तारखेला एक ओळ आहे. अक्षर माझं आहे, पण वाचता येत नाही.

तिथे बायको माझ्या खाटेशी बसून ढब्बूला फोनवर सांगत होती, "नाही, अजून तशी वेळ नाही म्हणतायत. तुम्ही तुमचं चालू ठेवा." मला मरणाची भीती वाटली. बाबा गेले त्या दिवशी त्यांनीही मला ओळखलं नव्हतं.

९ मार्च, रविवार. वजन ६६.२

पुठ्ठा तिसरा. सात थेंब. पाय चपलेत मावतात.

ढब्बूचं काय बिनसलंय ते कळत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो. जन्मात एक जिना चढला नसेल. आज खिडकीतून पाहिलं, लिफ्ट चालू असताना हा चार मजले पायी चढून आला. दारात उभा राहून पाच मिनिटं नुसता श्वास घेत होता. शर्ट अंगावर लोंबतो. म्हटलं, "प्रेमात पडलास की काय?" लग्नाचं विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असतं, लिफ्टवाल्याचं लग्न मधल्या मजल्यावर अडकतं. आज म्हणाला, "तसंच समज."

मग स्वयंपाकघरात वहिनी-दिरांची कुजबुज. मी पाणी प्यायला उठलो तर कानावर आलं, "अजून नऊ किलो उतरायला हवं, मग पुढचं बघू म्हणाल्या." मी दिसताच दोघं गप्प. माझ्या पोटातलं पाणी म्हणजे आता घरातला चर्चेचा विषय झालाय. नऊ किलो! मी सत्तावन्नावर आलो तर हाडंच उरतील. आणि पुढचं काय बघणार आहेत? मला कुठेतरी ठेवायचं ठरत असेल. पिणाऱ्यांसाठी घरं असतात तसली. एकतीस वर्षांपूर्वी ज्याच्या शाळेसाठी मी रंगाचे डबे उचलले, तो आता मला उचलून कुठे ठेवायचं ते ठरवतोय. बघू दे.

शेवाळीचा डबा ओतायचा राहिलाय.

१३ एप्रिल, रविवार. वजन ६३.५

आज बऱ्याच दिवसांनी आनंदाचं लिहितो.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. म्हणाल्या, "हळूहळू सुधारतंय. लिव्हर प्रयत्न करतंय. असंच राहिलं तर बदलायची वेळ कदाचित येणारही नाही. पण अजून फार नाजूक आहे, विसरू नका." डॉक्टरांना हातचं राखून बोलायची सवय असते.

आज चौथा पुठ्ठा केला. सहा थेंब. वाळल्यावर चिकटवायला वही उघडली आणि सहज जानेवारीच्या पानावर गेलो. बघतच राहिलो. पहिला पुठ्ठा अंड्याच्या बलकासारखा पिवळा! एवढा पिवळा होतो मी? दुसरा त्याहून जरा कमी, तिसरा आणखी कमी, आणि आजचा, शेजारी धरला तर, जवळजवळ पांढरा. थेंबांचा हिशेब म्हणतो नऊचे सहा झाले. पण थेंब मोजून रंग कोण बघतं? रंग डोळ्याने बघतात. डोळा सांगतो की मी मेलेला माणूस होतो आणि आता जवळजवळ बरा आहे. बाई म्हणतात नाजूक. त्यांनी हे चार तुकडे एका ओळीत पाहिलेले नाहीत.

बायकोला दाखवावंसं वाटलं. पण मग वही दाखवावी लागली असती.

१९ एप्रिल, शनिवार. वजन ६३.४

थोडी घेतली.

लिहितोच. मालक बाहेर गेला होता. मी मागच्या खोलीत गेलो ते बाटली ओतून टाकायलाच. शपथ. झाकण उघडलं, वास आला आणि अकरा वाजलेले होते. औषधाच्या झाकणाचं माप असतं तसली दोन झाकणं. तीन. काही झालं नाही. उलटी नाही, चक्कर नाही. हात मात्र जानेवारीपासून पहिल्यांदा स्थिर झाला. दुपारी एका बाईचा दुधी निळा पहिल्या झटक्यात जुळवला.

एवढं सुधारलेलं लिव्हर तीन झाकणं सहज पचवेल. बलकाचा पांढरा करणारं लिव्हर आहे ते.

२१ एप्रिल. वजन ६३.९

काल नाही. आज थोडी.

२४ एप्रिल. वजन ६४.८

बाटली संपली. बरं झालं, प्रश्नच मिटला. नवी आणायची नाही हे नक्की. डबा परत बंद करून होता तिथे ठेवला. कोणाला काही कळलेलं नाही. बायकोने रात्रीच्या जेवणाला खिडकी उघडली, एवढंच. उकडतंय म्हणाली.

१४ मे. वजन ६७.१

पाय पुन्हा सुजलेत. मी बायकोला म्हटलं, डाळीत मीठ पडलं असेल. तिने डाळ बोटाने चाखली आणि पातेलं झाकून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घेतली होती का?" म्हटलं, "छे." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळेपणा, वाढलंय. "आता वाट बघण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "सहा महिने पुरे झाले की लगेच पुढची तयारी." मी विचारलं, पुढची म्हणजे? तुकडा देणार कोण? तर म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांशी बोला."

घरचे! घरात मी आणि बायको. तिचा रक्तगट वेगळा.

या महिन्याचा पुठ्ठा राहिला. आरसा घ्यायला हात होत नाही.

१ जून, रविवार. वजन ६८.३

जे लिहायचंय ते नीट क्रमाने लिहितो. नाहीतर पुन्हा काहीतरी सोयीचं लिहीन.

काल दुकानात एक बाई कपाटाचं दार घेऊन आल्या. दार बाहेरून पांढरं शुभ्र, आतून पिवळं. तावातावाने म्हणाल्या, "एकाच दारासाठी दोन वेगवेगळे डबे दिलेत तुम्ही! ही काय रीत झाली?"

मी स्टुलावर बसूनच त्यांना शिकवायला लागलो. हे मी एकतीस वर्षांत शंभरदा तरी सांगितलं असेल. "बाई, डबा एकच आहे. पांढरा ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो. कपाट बंद, आत उजेड नाही, मग आतली बाजू पिवळी होणारच. आठ-पंधरा दिवस दार उजेडात उभं करा. बराचसा परत येईल."

"म्हणजे मुळात रंगात खोट नव्हती?"

"नाही. तो मुळात एवढा पिवळा नव्हताच. बंद करून ठेवल्यामुळे..."

आणि माझी वाचाच बसली. बाई विचारत होत्या, बरं वाटत नाही का, पाणी देऊ का?

बंद वही. स्वेटरांच्या खाली, कपाटात. पाच महिने.

घरी येऊन जानेवारीचं माप पुन्हा केलं. तोच पांढरा, तेच नऊ थेंब. आज सकाळी वाळल्यावर जुन्याशेजारी धरला. एक भाऊ वाटत नाही दुसऱ्याचा. जानेवारीत मी बलक नव्हतो, फिका पिवळा होतो. एप्रिलमध्ये त्याहून जरासाच फिका झालो होतो, थेंब सांगत होते तेवढाच. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या तेवढाच. तो सगळा चमत्कार कपाटाने केला होता, लिव्हरने नाही. मला, ज्याला रंगात कोणी फसवू शकत नाही, त्याला.

मग आरसा घेतला. आजचा डोळा आठ थेंब.

एप्रिलमध्ये सहा होते. म्हणजे ते लिव्हर खरंच काहीतरी करत होतं. मुंगीच्या पावलांनी का होईना, चालत होतं. मी त्याला गाठून खाली पाडलं. तीन झाकणांनी नाही, पुऱ्या बाटलीने. बरं व्हायची एक वाट होती, आणि ती माझ्याच पोटात होती.

ज्या धंद्यावर पोट भरलं त्यातली पोरसवदा चूक मी माझ्या जिवावर केली. पण खरं लिहायचं तर चूक पुठ्ठ्याची नाही. पुठ्ठा नसता तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. डबा उघडायला मला कारण हवं होतं.

८ जून, रविवार. वजन ६८.९

ढब्बू आला. पायी. आता त्याला धापही लागत नाही. माझ्यासमोर एक जाड फाईल ठेवली आणि शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवायचा तसा उभा राहिला.

"काय हे?"

"बघ ना."

मला रिपोर्ट वाचता येत नाहीत म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. जानेवारीत वजन शहाण्णव, लिव्हरवर चरबी, नापास. मार्चमध्ये शहाऐंशी, चरबी कमी, तरी नापास. गेल्या आठवड्यात शहात्तर, लिव्हर साफ. पास. "वीस किलो, दादा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझं लिव्हर आता विशीतल्या पोरासारखं आहे. साठ टक्के तुला, चाळीस मला. दोन-तीन महिन्यांत माझं परत भरतं. सव्वीस जूनला तुझे सहा महिने झाले की तारीख देणार आहेत."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"वहिनी म्हणाली, आधी पास हो. पुन्हा नापास झालो असतो तर तुझी उगाच आशा लावून ठेवल्यासारखं झालं असतं."

बायको दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. जेवून आलोय. रक्तगट. जिना. नऊ किलो. आणि मी समजत होतो की मला कुठे टाकायचं ते ठरतंय. चोराच्या मनात चांदणं.

ढब्बू म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी दहाचा होतो. तू डबे उचललेस. मला काहीच करता आलं नव्हतं. आता येतंय."

मी त्याला जवळ घेतलं. बरगड्या लागल्या त्याच्या. आणि मी गप्प राहिलो.

फाईलमध्ये तपासण्यांची यादी आहे. पिणं शोधायची पण एक आहे, ती मागच्या तीन-चार आठवड्यांचंच सांगते असं ढब्बू म्हणाला. "तुझं काय, तू कोरडाच आहेस." चोवीस एप्रिलला आज पंचेचाळीस दिवस झाले. सापडणार नाही. जगात कोणाला कळणार नाही.

सांगितलं तर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ऑक्टोबर. या पायांवरून आणि या डोळ्यांवरून मला दिसतंय की मी ऑक्टोबर बघेन याची खात्री नाही. गप्प राहिलो तर जगेन.

मला जगायचंय. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. फार जगायचंय.

११ जून. वजन ६९.५

तीन दिवस गप्प आहे. अन्न जात नाही. ढब्बू रोज फोन करतो, "दादा, काय खाल्लंस?" ज्याने पाच महिने पोटभर खाल्लं नाही, तो मला विचारतो.

मनात म्हणतो, तोही जगणार, मीही जगणार, कोणाचं काय बिघडतं? मग दिसतं की ऑपरेशनच्या टेबलावर तो झोपलाय, आणि ज्याच्यासाठी पोट उघडलंय त्या माणसाच्या दुकानात खालच्या फळीवर एक डबा आहे. त्याच्या लिव्हरचा तुकडा माझ्यात आला की मी तोही पुठ्ठ्यावर तपासत बसणार. दोन महिन्यांनी म्हणणार, वा, काय पांढरा! आणि अकरा वाजणार.

कधी कधी मला वाटतं बायकोला माहीत आहे. तिने तेव्हा खिडकी उघडली होती. उकाड्यासाठी नाही, वासासाठी.

तोंडाने सांगायला मला जमणार नाही. तोंडाने मी आयुष्यभर खोटंच बोलत आलो, त्याला तेवढीच सवय आहे. उद्या सुट्टी घेऊन ढब्बू येणार आहे, दुपारी. वही खिडकीत उघडी ठेवतो. एकोणीस एप्रिलचं पान. दुपारचं ऊन तिथे चार वाजेपर्यंत असतं.

१३ जून, शुक्रवार. वजन ६९.३

हे खिडकीशी उभा राहून लिहितोय. वही आता कपाटात जात नाही.

काल आधी बायकोने वाचलं. उभ्याउभ्याच. मी खाटेवर बसून तिची पाठ बघत होतो. पान उलटलं, मग दुसरं, मग मागे जाऊन जानेवारीपासून सगळं. ती शाळेतून आलेली होती, पर्स अजून खांद्याला होती. वाचून झाल्यावर स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं आता भांडी आपटतील. आवाजच नाही. जाऊन पाहिलं तर तिने कॅलेंडरवरच्या सव्वीस जूनच्या गोलावर फुली मारली होती आणि पानं उलटून ऑक्टोबर काढला होता. चोवीस तारखेभोवती गोल काढत होती. गोल जुळेना. पुन्हा पुन्हा गिरवत होती.

"खिडकी उघडली तेव्हाच बोलायला हवं होतं मी," ती म्हणाली. "मला वाटलं, मी विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल. आणि मग मला त्या नाहीवर विश्वास ठेवावा लागेल."

मग ढब्बू आला. त्याने वाचलं. खाली बसून, बोट फिरवत, लहानपणी धडा वाचायचा तसं. शेवटच्या पानावर आल्यावर त्याने वही फाडकन मिटली.

"उपाशी राहिलो रे मी," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "दादा, लोकांच्या घरी लिफ्ट दुरुस्त करायला जायचो, ते खायला द्यायचे, मी नाही म्हणायचो. भूक लागली की जिना चढायचो. झोप लागायची नाही भुकेने. आणि तू तिकडे झाकण मोजत होतास?"

म्हटलं, "मला माफ करू नकोस. पण वही मिटू नकोस. पांढरा आहे त्यात, अंधारात पिवळा पडतो. उजेडात राहिला तर येतो थोडाफार परत."

मग त्याने वही उघडली, जानेवारीच्या पानावर, आणि खिडकीत ठेवली. पंख्याच्या वाऱ्याने पान उडायला लागलं. त्याने पँटच्या मागच्या खिशातून पक्कड काढली, पानावर ठेवली, आणि निघून गेला. चार मजले उतरताना त्याची पावलं मी शेवटपर्यंत ऐकली.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं, बायकोसमोर, तोंडाने. त्या रागावल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. म्हणाल्या, अट मी मोडू शकत नाही, ऑक्टोबरपर्यंत तुम्हाला टिकवायचा प्रयत्न मी करीन, तुम्ही करायचा की नाही ते तुमच्याकडे. देणाऱ्याचं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

येताना दुकानात थांबलो. मालकासमोर शेवाळीचा डबा उघडून रिकामी बाटली त्याच्या हातात दिली.

संध्याकाळचे सहा वाजलेत. सातला अंगात ते उठेल, त्याची वाट बघतोय. कालपासून ढब्बूचा फोन नाही. जानेवारीचा पुठ्ठा उन्हात आहे, अजून फारसा बदललेला नाही. एका दिवसात बदलत नसतो, मला माहीत आहे.

पक्कड पानावर आहे तशीच आहे. पहिली लिफ्ट दुरुस्त केली तेव्हापासून त्याची हीच पक्कड, दुसरी तो हातात धरत नाही. तिच्याशिवाय त्याचं काम अडतं.